नागपूरच्या उन्हाळ्यातही जमेल असं घरचं फ्लेवर्ड बटर

फ्लेवर्ड बटर करायचं म्हटलं की बहुतेक जण आधी विचारतात, ‘त्यात काय काय घालू?’ माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी दोन गोष्टी हाताशी बसल्या पाहिजेत: घुसळताना सायीचा थंडपणा आणि नंतर लोण्यातून पाणी काढणं. या दोन जमल्या की लसूण घाला, मिरची घाला, संत्र्याची साल किसा, काहीही शोभतं. या बिघडल्या तर कितीही महागडा मसाला घाला, चार दिवसांत डबीला आंबूस वास येतो.

आपल्या नागपुरात तर हे जास्तच खरं. लोणी ३२ ते ३५ अंशांना वितळतं आणि मे महिन्यात इथला पारा ४५ च्या पलीकडे जातो. म्हणजे उन्हाळ्यात ओट्यावर ठेवलेलं लोणी लोणी राहतच नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंशांच्या आसपास गारवा असतो, तेव्हा तेच लोणी फ्रीजबाहेर काढून तासभर झाला तरी चमचा शिरत नाही. कृती एकच असली तरी ऋतूप्रमाणे वेळ बदलायची, एवढं आधीच डोक्यात ठेवा.

साय कशी जमवायची

दूध म्हशीचं असेल तर उत्तम. आपल्या भागातली नागपुरी म्हैस, म्हणजे लांब, मागे वळलेल्या शिंगांची, तिच्या दुधात स्निग्धांश भरपूर असतो. गवळ्याकडचं म्हशीचं दूध तापवलं की जाड साय धरते. पिशवीचं दूध घेत असाल तर फुल क्रीम घ्या, त्यात किमान ६ टक्के फॅट असतं. पिशवीवर ‘होमोजिनाइज्ड’ लिहिलंय का तेही बघा. त्या प्रक्रियेत दुधातले स्निग्धांशाचे कण इतके बारीक केलेले असतात की ते वर येत नाहीत. अशा दुधाला साय धरतच नाही म्हणून गॅस कमी-जास्त करत बसू नका, दूध बदला.

दूध उकळी येईपर्यंत तापवा, मग मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवा. भांड्यावर जाळी झाकून निवू द्या. खोलीच्या तापमानाला आलं की फ्रीजमध्ये ठेवा आणि सात-आठ तास हलवू नका. सकाळी वर जी चामट घडी येते ती सपाट चमच्याने किंवा झाऱ्याने अलगद उचला आणि दूध निथळू द्या. सायीबरोबर दूध जास्त आलं की घुसळायला वेळ लागतो.

ही साय स्टीलच्या किंवा काचेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात जमवायची. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात आठवडाभर चालते. त्याहून जास्त दिवस जमवायची असेल तर फ्रीजरमध्ये टाका. पंधरा-वीस दिवस नुसत्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या सायीला कडसर चव येते. तूप कढवताना ती चव थोडी झाकली जाते, पण लोणी आपण कच्चंच खातो, तिथे ती लपत नाही.

साय जमवायला सवड नसेल तर दुकानातलं डेअरी व्हिपिंग क्रीम आणा. डब्यावर ‘मिल्क फॅट’ ३० ते ३५ टक्के किंवा जास्त असेल तेच घ्या. भाजीत घालायचं साधं फ्रेश क्रीम साधारण २५ टक्क्यांचं असतं, त्यातून लोणी निघता निघता दमछाक होते. आणि केकवाल्यांचं ‘नॉन-डेअरी’ टॉपिंग चुकूनही आणू नका. ते वनस्पती तेलापासून केलेलं असतं, दिवसभर फिरवलं तरी त्याचं लोणी होणार नाही.

अगदीच घाई असेल तर बाजारचं पांढरं लोणी किंवा बटरचं पाकीट वापरून थेट स्वादाच्या पायरीवर गेलात तरी चालेल. फक्त पाकिटातलं बटर खारं असतं, वरून मीठ घालू नका.

विरजायचं की गोडच ठेवायचं

दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त चव वेगळी येते. विरजलेल्या सायीचं लोणी चटकन निघतं, कारण आंबटपणामुळे स्निग्ध कणांभोवतीचं पातळ आवरण सैल होतं. शिवाय विरजणातले जिवाणू जो वास तयार करतात, तोच आपल्याला ‘घरच्या लोण्याचा वास’ म्हणून ओळखीचा असतो. लसूण, मिरची, जवस अशा तिखट-खमंग स्वादांना हेच लोणी घ्या. संत्रं, वेलची, मध अशा गोड स्वादांसाठी मात्र मी साय विरजत नाही. आंबट लोण्यात साखर घातली की चव धड इकडची राहत नाही, धड तिकडची.

विरजायचं असेल तर जमवलेली साय फ्रीजबाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, अर्धा किलो सायीला एक मोठा चमचा ताजं दही घालून नीट ढवळा. उन्हाळ्यात चार-पाच तास पुरे. हिवाळ्यात रात्रभर ठेवावी लागते, तीही गॅसजवळ किंवा डाळीच्या डब्यात झाकून. उन्हाळ्यात दुपारी विरजण लावून विसरलात तर साय आंबट ढ्याण होईल, म्हणून सकाळी लवकर लावा आणि जेवणाच्या आधी बघा. विरजली की पुन्हा फ्रीजमध्ये, निदान तीन-चार तास.

घुसळणं

सायीचं तापमान १० ते १२ अंश असावं. थर्मामीटर नसला तरी काही अडत नाही: फ्रीजमधून काढलेल्या भांड्याला बाहेरून दव धरलेलं असावं आणि चमच्यातून साय जाडसर पट्टीसारखी पडावी. गोळा होऊन धपकन पडत असेल तर फार थंड आहे, पाच मिनिटं थांबा. पाण्यासारखी पडत असेल तर परत आत ठेवा. साय गरम झाली की लोणी तेलकट, चिकट निघतं आणि बराचसा स्निग्धांश ताकात जातो.

एप्रिल ते जून हे काम पहाटे करायचं. मिक्सरचं भांडं आणि पातं आधी अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, कारण मोटर चालली की भांडं तळातून तापतं. शक्यतो ताक घुसळायचं पातं लावा. भांडं निम्मंच भरा आणि थांबून थांबून, कमी वेगावर फिरवा. अर्धा किलो साय असेल तर दोन वेळा करा. मधे भांड्याला हात लावून बघा, कोमट लागलं तर बर्फाचे दोन खडे आत टाका.

रवीने घुसळत असाल तर खोल पातेलं घ्या आणि ते बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा. वेळ जास्त लागतो, पण लोण्यावर ताबा राहतो आणि दाणा सुरेख येतो. थोडंसंच क्रीम असेल तर झाकणाच्या बरणीत निम्मं भरून मुलांच्या हाती द्या. दहा-पंधरा मिनिटांत लोणी निघतं.

आता कानांनी काम करा. आधी साय पातळ असते तेव्हा आवाज सळसळता असतो. मग ती फुगते, घट्ट होते आणि आवाज जवळजवळ बंद होतो. इथे बरेच नवखे लोक ‘काही होत नाही’ म्हणून थांबतात. थांबू नका. थोड्याच वेळात कडेला भेगा पडल्यासारख्या दिसतात, रंग किंचित बदलतो आणि एकदम पाण्याचा छपछप आवाज सुरू होतो. म्हणजे ताक सुटलं. आधी रव्याएवढे दाणे दिसतात, ते ज्वारीच्या दाण्याएवढे झाले की थांबायचं. त्याहून पुढे फिरवलं तर मोठा गोळा होतो आणि त्याच्या पोटात ताक कोंडून बसतं. तेच पुढे लोणी नासवतं.

अर्धा किलो घट्ट सायीतून साधारण २०० ते २५० ग्रॅम लोणी निघतं. साय पातळ असेल तर कमी.

धुणं आणि मळणं

सगळ्या कृतीत मी सगळ्यात जास्त वेळ इथे देते, तुम्हीही द्या.

ताक गाळून बाजूला ठेवा. दाण्यांवर बर्फाचं पाणी ओता, पिण्याचंच, कारण हे पाणी लोण्यात थोडं तरी राहतं. लाकडी चमच्याने हलकेच हलवा आणि पाणी ओतून टाका. पहिलं पाणी दुधाळ निघतं. पुन्हा पाणी, पुन्हा हलवणं. तिसऱ्या-चौथ्या वेळी पाणी जवळजवळ स्वच्छ दिसेल, तेव्हा धुणं झालं. ताकात जी साखर आणि प्रथिनं असतात त्यांच्यावरच जिवाणू पोसले जातात. ती धुऊन निघाली की लोण्याचं आयुष्य वाढतं.

मग मळणं. उथळ परात थोडी तिरकी धरा, खाली एक वाटी उलटी ठेवली तरी चालेल. लोण्याचा गोळा वरच्या बाजूला घेऊन लाकडी चमच्याच्या पाठीने चेपत चेपत पसरवा. पृष्ठभागावर पाण्याचे बारीक थेंब फुटून येतील आणि उताराने खाली गोळा होतील. ते टिपून टाका. लोणी पुन्हा घडी घालून गोळा करा, पुन्हा चेपा. सुरुवातीला प्रत्येक दाबासरशी पाणी निघतं, मग थेंब लहान होत जातात, मग नुसता ओलसरपणा राहतो. शेवटी लोणी कापल्यावर आतली बाजू गुळगुळीत दिसते आणि थेंब येत नाही. हाताने मळू नका, तळव्याची ऊब लोण्याला लगेच लागते. मधेच लोणी चकाकायला लागलं तर ते वितळायला आलंय असं समजा आणि परातीसकट दहा मिनिटं फ्रीजमध्ये सरकवा.

मीठ याच वेळी घाला. १०० ग्रॅम लोण्याला बारीक मीठ पाव लहान चमचा, म्हणजे साधारण दीड ग्रॅम. खडे मीठ असेल तर कुटून घ्या. मीठ घातल्यावर दहा मिनिटांनी लोणी थोडं पाणी सोडतं; एकदा शेवटचं चेपून तेही काढून टाका.

आता स्वाद

एकच नियम: जे घालाल ते कोरडं आणि थंड असलं पाहिजे. आणि लोणी मऊ असलं पाहिजे, पातळ नाही. बोटाने दाबलं की खळगा पडावा पण बोट तेलकट होऊ नये. मेमध्ये फ्रीजबाहेर पाच-दहा मिनिटांत ही अवस्था येते. वितळलेल्या लोण्यात स्वाद मिसळून गोठवलं तर सगळा मसाला तळाशी बसतो आणि वर नुसतं तूप जमतं. खालची मापं १०० ग्रॅम लोण्याची आहेत.

संत्र्यापासून सुरुवात करते, कारण हे लोणी आपल्या गावाचं. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपण गर खातो आणि खरा सुगंध कचऱ्यात टाकतो. तो सुगंध सालीच्या वरच्या केशरी थरातल्या बारीक तेलाच्या पुटकुळ्यांमध्ये असतो आणि हे तेल स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणूनच लोणी त्याला इतकं छान धरून ठेवतं. अडचण एवढीच की आपलं संत्रं सैल सालीचं. लिंबासारखं किसायला गेलं की साल दबते आणि किसणी पांढऱ्या भागात घुसते, तो भाग कडू. म्हणून आंबिया बहाराची, ऑक्टोबर ते डिसेंबरमधली, किंवा फेब्रुवारीनंतरच्या मृग बहाराची घट्ट सालीची फळं निवडा. कळमन्याच्या फळबाजारातून क्रेट आणलं असेल तर त्यातली फुगीर फळं खायला ठेवा आणि चापून बसलेली या कामाला घ्या. कोमट पाण्याने चोळून धुवा, पुसा आणि किसायच्या आधी तासभर फ्रीजमध्ये ठेवा. साल थोडी कडक होते. मग सगळ्यात बारीक किसणीवर, जोर न देता, प्रत्येक जागी एकदाच फिरवायचं. केशरी गेलं, पांढरं दिसलं की फळ वळवा.

दोन संत्र्यांचा हा कीस दोन मोठे चमचे पिठीसाखरेत घालून बोटांच्या टोकांनी चोळा. साखर ओलसर केशरी होते आणि सगळ्या स्वयंपाकघरात वास सुटतो. ही साखर गोड सायीच्या लोण्यात चिमूटभर मिठासह मिसळा. रस घालायचा मोह आवरा. एक तर पाण्याने लोणी फुटतं, आणि नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला किंवा तापवला की कडवट होतो. गरम पोळीवर, टोस्टवर, गोड धिरड्यावर हे लोणी लावून बघा.

लसूण आणि कोथिंबीर, म्हणजे आपला सांबार, हे सगळ्यांचं आवडतं. सांबार धुऊन, पुसून, पंख्याखाली पसरून अगदी कोरडा करा. कूलर सुरू असेल त्या खोलीत नको, तिथली हवाच दमट असते. कोवळ्या काड्यांसकट बारीक चिरलेला दोन मोठे चमचे घ्या. लसणाच्या पाच-सहा पाकळ्या ठेचून एक चमचा तुपात मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परता. तांबूस होऊ देऊ नका. पूर्ण थंड झाल्यावरच लोण्यात घाला. थोडं मिरं. रोडगा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेला कणकेचा गोळा, गरम असताना फोडून आत हे लोणी सोडलं आणि बाजूला वांग्याची भाजी असली की दुसरं काही लागत नाही.

लसणाच्या बाबतीत एक गोष्ट गांभीर्याने घ्या. लसूण मातीत वाढतो, मातीतल्या एका जिवाणूचे बीजाणू त्याच्याबरोबर येऊ शकतात. हवा न लागणाऱ्या तेला-लोण्यात, उबदार जागी ते वाढले तर बोट्युलिझम नावाची जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. घरी परतल्याने हे बीजाणू मरत नाहीत आणि वासावरून, चवीवरून ओळखूही येत नाही. म्हणून लसणाचं लोणी कायम फ्रीजमध्ये, चार दिवसांत संपवा, उरलेलं फ्रीजरमध्ये.

तिखटासाठी भिवापुरी मिरची. आपल्याच जिल्ह्यातली, भौगोलिक मानांकन मिळालेली, आणि रंगाला झकास. चार सुक्या मिरच्या देठं काढून तव्यावर मंद भाजा, खलबत्त्यात जाडसर कुटा. एक चमचा कोमट तुपात हे कूट भिजवून थंड होऊ द्या. मिरचीचा रंग आणि तिखटपणा दोन्ही स्निग्धात उतरतात. मग मीठ आणि अर्धा चमचा भाजलेलं जिरं घालून लोण्यात मिसळा. पहिल्या दिवशी चाखून ‘कमी झालं’ म्हणत आणखी घालू नका. दुसऱ्या दिवशी ते जास्त तिखट लागतं. भाजलेल्या कणसावर हे चोळा, लिंबू वरून पिळा.

जवसाचं लोणी मात्र मी सगळ्यात जास्त करते. दोन मोठे चमचे जवस तडतडेपर्यंत कोरडे भाजायचे, थंड करून दोन सुक्या मिरच्या, जिरं आणि मीठ घालून भरड वाटायचे. लोण्यात मिसळलं की झालं. भरड कूट लोण्यातला उरलासुरला ओलावा शोषून घेतं, त्यामुळे नवख्या हातालाही हे साधतं. ज्वारीच्या गरम भाकरीवर ते पसरतं तेव्हा जवसाचा खमंगपणा आणि लोण्याचा आंबूसपणा एकमेकांना धरून येतात. कूट ताजंच करा, दळून ठेवलेला जवस लवकर खवट होतो. सावजी मसाला आवडत असेल तर इथे मिरच्यांऐवजी अर्धा चमचा तोच घाला, पण आधी चमचाभर तुपात मंद आचेवर हलका परतून.

ठेवणं आणि वापरणं

मिसळलेलं लोणी बटर पेपरवर आडवं ठेवा, कागद गुंडाळून जाड काडीसारखा लांबट रोल करा, दोन्ही टोकं पिळून बंद करा. दोन तासांत घट्ट होतो. मग गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या सुरीने चकत्या कापा आणि कागदाच्या तुकड्यांनी वेगळ्या करून डब्यात भरा. लोणी फ्रीजमधले सगळे वास ओढून घेतं, चिरलेला कांदा शेजारी असला तर संत्र्याच्या लोण्याचं काय होईल ते सांगायला नको. डबा घट्ट झाकणाचाच हवा. लसूण नसलेलं लोणी फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस, फ्रीजरमध्ये दोन-तीन महिने राहतं. वरती तारीख लिहून चिकटवा. उन्हाळ्यात लाइट बराच वेळ गेली आणि लोणी आत वितळून गेलं, तर लसणाचं असल्यास टाकून द्या.

हे लोणी फोडणीसाठी नाही. कढईत टाकलं की त्यातला लसूण-मसाला आधी जळतो. गॅस बंद केल्यावर वरून घाला: वाफाळत्या वरणभातावर, उकडलेल्या बटाट्यावर, भाजलेल्या पनीरवर.

बाजूला ठेवलेलं ताक विसरू नका. विरजलेल्या सायीचं असेल तर त्याच दिवशी कढी करा. गोड क्रीमचं असेल तर ते आंबट नसतं, पातळ दुधासारखं लागतं. त्यात कणीक भिजवली की पोळ्या मऊ होतात.